उणे दोन हजार नऊशे

उत्तर उणे आलं. उणे दोन हजार नऊशे. मी चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला, तरी ती आडवी रेघ आकड्याच्या पुढ्यात तशीच. सव्वादहा वाजले होते, चहा अजून आला नव्हता आणि धाकट्या बहिणीचा नऊ वाजताचा फोन डोक्यात घोळत होता, त्यामुळे आधी मला वाटलं की माझंच काहीतरी चुकलंय. वजाबाकी उलटी झाली असेल. मी कागदावर हाताने करून पाहिली. कोंबड्यांच्या वजनांत पिंजऱ्या-पिंजऱ्यांतल्या फरकाचा आकडा पाच हजार तीनशे, पिंजऱ्याच्या आतल्या फरकाचा सोळा हजार नऊशे. पहिल्यातून दुसरा वजा, भागिले चार. उणे दोन हजार नऊशे. गणित बरोबर होतं आणि उत्तर अशक्य होतं. चढउतार मोजायचा म्हणजे प्रत्येक वजन सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची. वर्ग कधी उणे नसतो. चढउतार फार तर शून्य असेल, त्याच्या खाली जायला जागाच नाही. मी वापरलेल्या जुन्या पद्धतीला मात्र हे कळत नाही. ती बिचारी एक आकडा काढते, दुसरा काढते, वजा करते आणि हाताला लागेल ते टेबलावर ठेवून मोकळी होते. नवी पद्धत शहाणी. ती सगळ्यांत संभवनीय उत्तर शोधत खाली खाली येते आणि शून्याशी पोचली की थांबते. आजच्या अहवालाला जोडायच्या परिशिष्टात मला या दोन्ही पद्धतींची तुलना करायची होती, संध्याकाळी पाचच्या आत.

आमची संस्था कोंबड्या वाढवते आणि मोजते, आणि मी मोजणाऱ्यांपैकी. बावीस वर्षं झाली, मी कोंबडी हातात धरल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडे येतात ती वजनं. या वेळचा प्रश्न साधा होता. एका कारखान्याने नवा पिंजरा काढला होता, चार कोंबड्यांचा, त्यात दाण्याची पन्हळ पूर्वीपेक्षा आखूड. ही पन्हळ पुरते का, एवढंच त्यांना हवं होतं. साठ पिंजरे, प्रत्येकात चौघी, प्रत्येक पिंजऱ्याला रोज दाणा ग्रॅमपर्यंत मोजून अगदी सारखा, अठराव्या आठवड्यात सगळ्यांची वजनं. त्या वजनांत जो फरक दिसतो, त्यातला किती पिंजऱ्यामुळे आणि किती कोंबडीमुळे, हे वेगळं करायचं. आयुष्यभर मी हेच करत आले. फरक एक असतो, त्याचे वाटे करायचे, आणि कुठला वाटा कुणाच्या नावावर ते ठरवायचं.

नऊ वाजताचा फोन खरं तर याच धंद्यातला होता. चिमी, म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचं खरं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं आहे. लहानपणी चिमणीएवढं खायची म्हणून आई तिला चिमणी म्हणायला लागली, त्याचं चिमी झालं आणि चिकटलं ते चिकटलंच. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि वर्गात सगळ्यांत बुटकी. मुलांच्या डॉक्टरांनी आज चारला बोलावलं होतं. "ते म्हणतात, आजी उंच, मावशी उंच, बाबा बरे उंच, मग आईच कशी एवढीशी?" चिमी सांगत होती. "मी जन्माचीच लहानखुरी असेन, तर ही माझ्यावर गेली, काही करायचं नाही, वर्षाने दाखवायचं. पण लहानपणी माझी खाण्याची आबाळ झाली असेल, तर माझी उंची धरायचीच नाही म्हणतात. मग ही का वाढत नाही ते शोधावं लागेल, आणि ते आत्ताच, कारण पुढे हाडं जुळली की संपलं. फॉर्मवर एक रकाना आहे, आईच्या बालपणी आबाळ, होय की नाही. आई म्हणते, दोघींना अगदी सारखं दिलं. मला काहीच आठवत नाही गं, मी सहा वर्षांची. तू सांग." आणि मी, भांडी आवरता आवरता, फोन खांद्यात धरून म्हणाले, "सारखंच असायचं गं. एकाच ताटात तर जेवायचो." ती म्हणाली, "बरं, मग नाही लिहिते." माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. आमच्या घरातलं ते पाठ केलेलं वाक्य आहे, आईने पाहुण्यांना सांगून सांगून गुळगुळीत केलेलं.

दशांश आला तेव्हा मी अजून त्या रेघेकडेच बघत होते. हा आमच्याकडचा नवा सांख्यिकी सहायक. घरापासून संस्था किती लांब विचारलं तर चार पूर्णांक सदतीस शतांश किलोमीटर सांगतो, म्हणून दशांश. नवी पद्धत त्याने चालवली होती. "मॅडम, माझ्याकडे शून्य आलंय," तो म्हणाला. "शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य." मी म्हटलं, "अरे, शून्याला तरी सोड." तो हसला, मग त्याने माझा कागद पाहिला. "एवढं उणे? पण तुमच्याच पुस्तिकेत आहे ना, उणे आल्यास शून्य धरावे." होतं खरं. कामाच्या पद्धतींची पुस्तिका मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी लिहिली होती, आणि ते वाक्य पान एकतीसवर आहे, कुठल्याही कारणाशिवाय, हुकमासारखं. एरवी त्यात चूकही नाही. उणे चार, उणे अकरा अशी चिल्लर योगायोगाने नेहमी येते, तिथे शून्य लिहून पुढे जायचं असतं. ही चिल्लर नव्हती. विभागप्रमुखांनी दारातूनच विचारलं, "काय अडलंय?" आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, "शून्य म्हणजे चांगलंच की. पिंजऱ्या-पिंजऱ्यांत फरकच नाही, सगळ्यांना सारखं मिळतंय. पन्हळ पुरते म्हणून लिहा आणि सुटा." सगळ्यांना सारखं मिळतंय. सकाळपासून हे मी दुसऱ्यांदा ऐकत होते आणि पहिल्यांदा ते माझ्याच तोंडचं होतं.

मी उठून शेडवर गेले. का गेले ते सांगता येणार नाही, बसवत नव्हतं एवढं खरं. शेड मागच्या अंगाला आहे, दोनशे पावलांवर. बावीस वर्षांत दहा वेळा गेले असेन तर पुष्कळ. आत उग्र, डोळ्यांत जाणारा वास, पत्र्याखालचा ऊन अंधार आणि दोनशे चाळीस गळ्यांचा एकच पुटपुटता आवाज. शेड बघणाऱ्या मावशी घमेली धूत होत्या. मला पाहून त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग रबरी बूट पुढे सरकवले. मी विचारलं, "मावशी, या नव्या पिंजऱ्यांत कोंबड्या भांडतात का?" त्या म्हणाल्या, "भांडायला जागा कुठंय? चौघींत एक सासू असतेच. पन्हळीवर तोंडं मावतात तीन. सासू मधोमध उभी राहते, पोट भरलं की मग बाजूला होते. शेवटचीला तळातलं पीठ." मी विचारलं, "प्रत्येक पिंजऱ्यात?" "प्रत्येक. आणि संध्याकाळी बघाल तर साठच्या साठ पन्हळी लख्ख. वरून बघणाऱ्याला वाटतं, व्वा, सगळ्यांनी खाल्लं." त्यांनी घमेलं उपडं घातलं. "तुम्ही वजनं नेलीत, मला विचारलं असतं तर न मोजता सांगितलं असतं. पण आम्हाला कोण विचारतंय."

तिथल्या एका पिंजऱ्यापाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिसऱ्या रांगेतला, डावीकडचा. मधली कोंबडी रुंद, चकचकीत, छाती काढून उभी. कोपऱ्यातली तिच्या पाऊणपट. तिला कुणी टोचत नव्हतं की हाकलत नव्हतं. ती आपली थांबली होती, आणि थांबण्याची तिला इतकी सवय झाली होती की मधली बाजूला झाल्यावरही ती जरा वेळाने पुढे आली. उणे उत्तर असं येतं, हे मला विद्यार्थिदशेत कुणीतरी सांगितलं होतं, मी परीक्षेपुरतं लिहिलंही होतं. एकाच पिंजऱ्यातल्या चौघी परक्यांपेक्षाही वजनाने एकमेकींपासून लांब असतील, तर उत्तर शून्याखाली जातं. पिंजऱ्याला मिळणारं सारखं आणि ठरलेलं, म्हणून पिंजऱ्यांच्या सरासऱ्या जवळजवळ एक. एकीने जास्त घेतलं की दुसरीचं तेवढं कमी, म्हणून आत दरी. शहाण्या पद्धतीला हे सांगताच येत नव्हतं, तिला शून्याच्या खाली उतरायची मुभाच नव्हती. जुनी, अडाणी पद्धत मात्र अशक्य आकडा बोलून दाखवत होती.

मला ताट आठवलं. खोटं कशाला बोलू, ते मी कधी विसरले नव्हते. फक्त तिकडे जात नव्हते, माळ्यावरच्या एखाद्या खोक्याकडे आपण जात नाही तशी. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची, चिमी सहाची. आई रुग्णालयाच्या धुलाईत लागली, दुपारी बारा ते रात्री नऊ. निघण्याआधी एका मोठ्या, काठ उडालेल्या ताटात दोघींचा भात आणि भाजी वाढायची, वर दुसरं ताट झाकायची. तेच आमचं जेवण. रात्री आई आल्यावर कपभर दूध आणि पाव, तेही नावाला. माझी शाळा दीडला सुटायची, चिमीची दोनला. मी घरी येऊन झाकण काढायचे आणि बोटाने ताटाच्या मधोमध रेघ मारायचे. ही माझी बाजू, ही तिची. माझी बाजू संपायला पाच मिनिटं लागायची. मग मी रिकाम्या अर्ध्या ताटासमोर बसून राहायचे आणि पोटात भूक तशीच, उलट चाळवलेली. पहिल्या दिवशी मी रेघेवरचे चार घास घेतले. रेघ कुणाचीच नसते, असं मी स्वतःला समजावलं होतं. नंतर रेघ सरकायला लागली. मग मला युक्ती सुचली. उरलेला भात मी बोटांनी पातळ पसरायचे, काठापर्यंत न्यायचे, अर्धं ताट भरलेलं दिसेल असा, आणि त्याच्या कडेला नवी सरळ रेघ मारायचे. चिमी दप्तर टाकून यायची, रेघ बघायची आणि आपल्या बाजूला बसायची. अर्धं ताट होतं ना तिच्यापुढे. ती हळूहळू खायची, एकेक शीत पुरवून, आणि मी समोर बसून तिला शाळेतल्या गमती सांगायचे. ती कधी म्हणाली नाही की कमी आहे. मग दोघी मिळून ताट घासायचो. मी घासायचे, ती विसळायची. आई रात्री आल्यावर आधी ताट बघायची. स्वच्छ ताट बघून तिचा चेहरा उजळायचा तो मला अजून दिसतो. "संपवलंत ना? शहाण्या माझ्या त्या." हे चार वर्षं चाललं.

मी वाढत गेले. आठवीत आईच्या खांद्याला लागले. चिमी सारखी आजारी, एक वर्ष मागे राहिली. पुढे तिने शिक्षणच सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, तिचं अभ्यासात डोकं नव्हतं. उंचीचं कारणही घरात ठरलेलं होतं, आत्यावर गेली. आत्या बुटकी होती हे खरं आहे, म्हणून ते खपून गेलं. माझ्या नावावर काहीच आलं नाही. चिमीच्या लग्नात फोटो काढणाऱ्याने तिला पाटावर उभं केलं होतं आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. एकशे चव्वेचाळीस आणि एकशे एकसष्ट. सतरा सेंटिमीटरचा फरक, आणि ज्या बाईचा फरकाचे वाटे करण्यात हात धरणारा कुणी नाही तिने याचे वाटे कधी केले नाहीत. मी लहान होते, मी भुकेली होते, हेही खरं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण शिक्षा करणार? पण सकाळी नऊ वाजता फोनवर जी बोलली ती नऊ वर्षांची नव्हती, एकावन्न वर्षांची होती.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी आईला फोन लावला. ती माझ्याकडेच असते. "आई, आम्ही लहान असताना दुपारचं ताट..." एवढं म्हणेपर्यंत ती सुरू झाली. "अगं, सकाळी चिमीनेही तेच विचारलं. काय खूळ घेतलंय त्या डॉक्टरने? माझ्या पोटाला नसेल पण तुमचं ताट रोज भरलेलं ठेवलं मी. आणि रोज लख्ख असायचं. तू सांगितलंस ना तिला?" मी म्हणाले, "सांगितलं." "मग झालं तर. येताना माझ्या गोळ्या आण." ब्याऐंशी वर्षांची बाई. तिच्या आयुष्यात तिला अभिमान वाटावा अशा फार गोष्टी झाल्या नाहीत. एका ताटात सारखं खाऊन दोघी मोठ्या झाल्या, ही एक. मी बोलले तर ती तिच्याकडून जाणार आणि ताट लख्ख का असायचं तेही तिला कळणार.

परत आल्यावर मी परिशिष्ट लिहिलं. दशांशला शेजारी बसवलं. नव्या पद्धतीचं उत्तर शून्य, जुन्या पद्धतीचं उणे दोन हजार नऊशे, आणि खाली तीन ओळी: हे उणे योगायोगाचं नाही, एका पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकमेकींच्या वाट्याचं खात आहेत, पन्हळ अपुरी आहे. दशांश म्हणाला, "साहेब चिडतील." मी म्हटलं, "चिडू देत, ते रोजच चिडतात." प्रमुख चिडलेच. कारखान्याला काय सांगायचं, उणे फरक म्हणजे काय ते त्यांना कोण समजावणार, वगैरे. मी म्हटलं, "मी समजावते. नाहीतर शेडवरच्या मावशींना पाठवा, त्या जास्त चांगलं सांगतील." एरवी मी अशी बोलत नाही. पण ते काम सोपं होतं, आकडा बाहेरचा होता आणि कोंबड्या मला ओळखत नव्हत्या. घड्याळात पावणेचार झाले होते.

जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी आहे, तिथे कुणी नसतं. मी फोन लावला. चिमीने लगेच उचलला, मागे बरीच पोरं किलबिलत होती. "बोल ताई, आमचा पुढचाच नंबर आहे."

"चिमी, सारखं नव्हतं."

"काय सारखं नव्हतं?"

"ताटातलं. मी आधी घरी यायचे. माझं अर्धं खायचे, मग तुझ्यातलं खायचे, आणि उरलेलं पसरून ठेवायचे. अर्ध्यासारखं दिसेल असं."

तिकडे कुणीतरी लहान मूल खोकत होतं.

"किती खायचीस?"

"तुझ्यातलं निम्मं. कधी जास्त."

"रोज?"

"शाळा असेल त्या दिवशी रोज. तू सहाची होतीस तेव्हापासून दहाची होईपर्यंत."

"अंदाजाने सांगतेस का नक्की?"

"नक्की."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल, आणि मी त्याची तयारी करून खिडकीच्या गजाला धरून उभी होते. पण तिकडून कुणीतरी नंबर पुकारला, खुर्ची सरकली, दार उघडलं आणि लागलं. फोन तिने बंद केला नव्हता. तिचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द सुटा, दुकानात सामान सांगताना लागतो तसा. "डॉक्टर, त्या फॉर्मवर मी 'नाही' लिहिलंय ते खोडा. माझी आबाळ झाली होती. सहा ते दहा, चार वर्षं. निम्म्या अन्नावर होते. नाही, आजारपण नाही. बहिणीने सांगितलं, आत्ताच." डॉक्टर काहीतरी म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांचं एक वाक्य मला नीट ऐकू आलं, "मग तुमची उंची धरायला नको. आजच रक्त घेऊ, आणि हाताचा एक्स-रे." खुर्च्या हलल्या. भाची म्हणाली, "दुखेल का?" आणि चिमी म्हणाली, "थोडंसं." त्यानंतर बराच वेळ नुसती खुडबुड.

"ताई, आहेस?"

"आहे."

"मला वाटायचं, मला भूकच कमी आहे. हिलाही मी तेच सांगते. हिने ताटात उरवलं की म्हणते, राहू दे, माझ्यावर गेलीयस."

मी काही बोलायच्या आत तिकडे नर्स भाचीला म्हणाली, बाही वर कर, आणि चिमीने फोन बाजूला ठेवला तिचा हात धरायला.